मामेबहीण आणि तिचा नवरा अमेरिकेत अपघातात जखमी झालेत. इथून काय करता येईल आणि तिच्या आईवडिलांना किती सांगावं?

तुम्ही लिहिलंय की मामा-मामींना सध्या 'किरकोळ लागलंय' एवढंच सांगितलंय. माझं ऐकाल तर आजच सांगून टाका, आम्ही हीच चूक केली होती म्हणून सांगतोय.

२०१९ चा जानेवारी, रविवारी सकाळी नऊ वीसला फोन, म्हणजे तिकडे न्यूजर्सीत शनिवारी रात्रीचे पावणेअकरा होऊन गेलेले. ताईची शेजारीण, तेलुगू बाई, हिंदीत बोलत होती. हायवेवर बर्फावरून गाडी घसरली आणि मागून ट्रकने ठोकली. ताईच्या डोक्याला मार, बेशुद्ध, दाजींचं खुब्याचं हाड मोडलेलं, सहा वर्षांचा भाचा मागे बसला होता त्याला फक्त खरचटलं, तो या बाईंच्याच घरी होता. फोन ठेवला तर आई आतून म्हणाली, कुणाचा रे? म्हटलं गॅसवाल्याचा. रविवारी सकाळी गॅसवाला! पण सुचलं ते तोंडातून गेलं.

मग तीन दिवस मी, बाबा आणि काका गच्चीवर जाऊन फोन करत होतो. आईला बीपी, तिला झेपणार नाही यावर सगळ्यांचं एकमत, नातेवाईकांनाही दम देऊन ठेवलेला. आणि इकडे आमचं डोकं फुटायची वेळ आली होती ती जाणार कोण यावरून, कारण मला व्हिसा नाही आणि बाबांनी तर पासपोर्टच कधी काढलेला नाही. बुधवारी रात्री आई भाकरी थापता थापता, मागे न बघता म्हणाली, "रविवारी तिचा फोन आला नाही, सोमवारी नाही, आज बुधवार. तुम्ही गच्चीवर काय पापड वाळवताय होय रे?"

सांगितलं. तव्यावरची भाकरी उलटायची राहिली ती करपली. आईने गॅस बंद केला, हात धुतले, कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला जुना पासपोर्ट आणून माझ्या हातात दिला. ताईच्या बाळंतपणाला गेली होती तेव्हाचा दहा वर्षांचा व्हिसा, अजून तीन वर्षं बाकी! घरात जाऊ शकणारं एकच माणूस होतं आणि आम्ही लपवत होतो ते त्याच माणसापासून.

पासपोर्टची मुदत संपली होती, पण व्हिसा चालू असेल तर जुना आणि नवा दोन्ही सोबत नेऊन जाता येतं. पुण्यात मुंढव्याच्या केंद्रात तत्काळमधून नवा काढला आणि पुढच्या आठवड्यात ती मुंबईहून नेवार्कला एकटी गेली, व्हीलचेअर बुक करून (पाय धडधाकट आहेत, वाट विचारत फिरायला नको म्हणून).

व्हिसा नसेल तर आधी नेहमीसारखा फॉर्म, फी भरून साधी अपॉइंटमेंट घ्यायची आणि मग त्यावर इमर्जन्सीची विनंती टाकायची. सोबत हॉस्पिटलच्या लेटरहेडवर डॉक्टरांचं पत्र लागतं, त्यात पेशंटचं नाव, काय झालंय, अवस्था किती गंभीर, डॉक्टरांचा नंबर हे सगळं हवं. हे पत्र तिथली सोशल वर्कर मिळवून देते, डॉक्टरांच्या मागे लागू नका. मोठ्या हॉस्पिटलात अशी बाई असते हे आम्हाला पहिला आठवडाभर माहीतच नव्हतं.

फोन एकानेच करायचा. तिकडे पेशंटच्या माहितीबद्दल कायदा कडक आहे, आम्हाला दाजींच्या परवानगीने एक चार आकडी कोड दिला होता, तो सांगितल्याशिवाय नर्स चकार शब्द बोलायची नाही. सकाळी सात आणि संध्याकाळी सातला त्यांची शिफ्ट बदलते तेव्हा करू नका, कुणीच नीट बोलत नाही. डॉक्टरांचा राउंड झाल्यावर, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊच्या पुढे, बरं पडायचं. मी एक वही केली होती, काय सांगितलं, कोणी सांगितलं, किती वाजता. नाहीतर काका एक सांगतात, आत्या दुसरंच.

पैशाचं म्हणाल तर आधी गाडीचा इन्शुरन्स बघा. न्यूजर्सीत चूक कुणाचीही असो, उपचाराचा खर्च सहसा पहिल्यांदा स्वतःच्या गाडीच्या पॉलिसीतून होतो, दाजींची अडीच लाख डॉलरची होती म्हणून वाचलो. हप्ता कमी बसतो म्हणून लोक पंधरा हजारांचीही घेतात. प्रत्येक राज्यात नियम वेगळा, तेव्हा बहिणीची पॉलिसी शोधून कुणाला तरी वाचायला लावा. आणि कुणी परस्पर आयसीयूतला फोटो टाकून मदतनिधी सुरू करत असेल तर थांबवा, आमच्याकडे एका हौशी माणसाने केलं होतं, दाजींनी तो फोटो बेडवर पडल्या पडल्या मोबाईलवर बघितला. विमानाने इकडे आणा म्हणणारेही भेटतील. मी चौकशी केली होती, आकडा कोटीच्या घरात, आणि मुळात डॉक्टर हलवूच देत नव्हते.

आई पोचायच्या आधी एका रात्री नर्सनेच मला विचारलं, "तुमच्या भाषेत डोळे उघड, हात दाब कसं म्हणतात?" मी सावकाश सांगितलं, तिने ते इंग्रजी अक्षरांत खोलीतल्या पांढऱ्या फळ्यावर लिहून घेतलं. म्हणाली, डोक्याला मार लागलेला माणूस कधीकधी आपल्या भाषेला आधी दाद देतो. ताईने हात दाबला तो अकराव्या दिवशी, आईच्या आवाजाला. आता ती चालते, डावा हात अजून थोडा मागे आहे, नोकरी सोडली.

तर मामींना फोनवर सांगू नका, घरी जा. आणि उठायच्या आधी पासपोर्ट कुठे ठेवलाय ते विचारा.