लातूरला धान्याचं गोदाम आहे. चोरीच्या दृष्टीने ते किती सुरक्षित आहे, हे कसं तपासावं?

कॅमेरे घेण्याआधी एकदा रात्री १ वाजता कंपाउंडला बाहेरून पायी चक्कर मारा. आमच्या डाळमिलला मी मारली तेव्हा दिसलं, पुढच्या शटरला दोन कुलपं, पण मागच्या भिंतीला टेकवलेल्या बारदान्याच्या थप्पीवरून शाळकरी पोरगंसुद्धा पत्र्यावर चढेल. थप्पी त्याच रात्री हलवली. पत्र्याचे नट बाहेरून पान्याने सुटतात का, तेही बघा.

लाइट गेल्यावर कॅमेरे चालतात का? मेन स्विच पाडूनच खात्री करा. कॅमेरे आणि डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत, आणि डीव्हीआर ऑफिसात समोर ठेवू नका. चोर जाताना तोच उचलून नेतो. किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत ते लिहून काढा. काम सोडून गेलेल्या मुनिमाकडे एक राहिली असेल तर कुलूपच बदला. सोयाबीनची आवक सुरू व्हायच्या आधी हे उरका.