आयडियलचे घात आणि बी.एड.चा फॉर्म

खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली, आता बेळगावात एम.एस्सी. गणिताच्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘ग्रेडेड आयडियलच्या घातांची डेप्थ’ यावर पीएच.डी. करायची म्हणते. ‘यात पोट भरतं का, की सरळ बी.एड.ला घालू?’

दादा, लेक रात्री वहीत काय खरडते ते आधी बघा. अ, ब, क ही तीन चलं. अब, बक, कअ या गुणाकारांच्या पटी आणि त्यांच्या बेरजा एकत्र घेतल्या की एक आयडियल, म्हणजे राशींचा एक संच, बनतं. त्यानं भागलं, म्हणजे त्यातल्या सगळ्या राशी शून्य मानल्या, की बेरीज-गुणाकाराची जी रचना उरते ती रिंग. तिची डेप्थ १. डेप्थ म्हणजे ढोबळपणे, एकापाठोपाठ अशा किती राशी निवडता येतात की त्यांनी गुणून शून्य नसलेलं काही शून्य होत नाही, त्याची मोजणी. आयडियलचा वर्ग केला, म्हणजे त्यातल्या दोन-दोन राशींच्या गुणाकारांपासून नवं आयडियल बनवलं, की डेप्थ थेट ०. कारण अबक त्या वर्गात बसत नाही, पण त्याला अ, ब, क पैकी कशानंही गुणा, लगेच बसतो: अ नं गुणलं तर अब गुणिले कअ. पुढच्या प्रत्येक घातालाही ०च. घात वाढवत गेलं की डेप्थ शेवटी एका आकड्यावर थांबतेच, हे गणितज्ञ ब्रॉडमन यांनी १९७९ मध्ये सिद्ध केलं. पण थांबण्याआधी ती हवी तशी वरखाली होऊ शकते का? हर्झोग आणि हिबी या गणितज्ञांनी २००५ मध्ये ‘होय’ असा अंदाज मांडला. तो खरा ठरवणाऱ्यांत हनोईचे गणितज्ञ होते. कागद-पेन्सिलीचं हे काम खानापूरची मुलगीही करू शकते.

आता पोटाचं. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे शिकताना तुमच्यावर भार नाही. परीक्षा मात्र कठीण. पीएच.डी.ला पाचेक वर्षं जातात, आणि पुढची नोकरी बहुतेक प्राध्यापकीचीच, जागा थोड्या. हे लपवणार नाही. तरी मी तिच्या बाजूनं आहे. मराठी शाळेची काळजी सोडा, सिद्धता बऱ्याचशा चिन्हांत लिहितात. संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शक बघा. आयआयटी मुंबईत या बीजगणिताची चांगली परंपरा आहे, धारवाडची आयआयटी तर शेजारीच.

तिला एवढंच विचारा: एका गणितावर पंधरा दिवस अडकलीस तरी वही उघडावीशी वाटते का? ‘हो’ म्हणाली तर नेटला बसू द्या, शेवटच्या वर्षातही बसता येतं. बी.एड.चा फॉर्मही भरून ठेवा, ते नंतरही होतं. फक्त अभ्यासाचे हे महिने स्थळं बघण्यात जाऊ देऊ नका.