टेबल घडवणे हे संशोधन ठरू शकते का?

प्रश्न : मी नाशिकमधील एका डिझाइन महाविद्यालयात शिकवते. निफाड-दिंडोरी भागातील पॅकहाउसमध्ये द्राक्षांची छाटणी व प्रतवारी करणाऱ्या महिलांसाठी सोयीचे टेबल घडवणे, हा विषय मला पीएच.डी.साठी घ्यायचा आहे. ‘वस्तू घडवणे हा व्यवसाय झाला, संशोधन नव्हे,’ असे माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का? टेबलाच्या डिझाइनची नोंदणी झाल्यास ती संशोधनाचा पुरावा ठरेल का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : मार्गदर्शकांची शंका रास्त आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. टेबल कितीही उत्तम झाले तरी नुसत्या टेबलावर पीएच.डी. मिळू नये, मात्र ते घडवताना केवळ निरीक्षणाने किंवा प्रश्नावलीने हाती न लागणारे काही उमगले आणि ते इतरांना तपासता येईल अशा रीतीने मांडले, तर ते संशोधनच होय. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधील ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये डिझाइनविषयीचे, डिझाइनसाठीचे आणि डिझाइनमधून होणारे संशोधन असा भेद केला होता. तुमचे काम यांपैकी तिसऱ्या प्रकारात मोडते.

छाटणी करणारी महिला घड देठाला धरून उचलते, कात्रीने बारीक, तडकलेले आणि सडके मणी काढते आणि मण्यांवरचा मेणचट पांढुरका थर पुसला जाऊ नये म्हणून त्यांना शक्यतो बोट लागू देत नाही. तिची मान कमी वाकावी यासाठी टेबलाचा पृष्ठभाग तुम्ही तिच्याकडे उतरता केला, असे समजा. मानेला आराम मिळेल, पण घड घसरून एकमेकांवर घासू लागतील. ते रोखण्यासाठी मऊ अस्तर लावले, तर रस सांडून ते चिकट होईल आणि धुण्याची नवी अडचण उभी राहील. काम करणारीची सोय, मालाची निगा आणि स्वच्छता यांतील ही ओढाताण नमुना प्रत्यक्ष हंगामात वापरल्याशिवाय नीट कळत नाही. ती किती उतारापासून सुरू होते आणि कोणत्या तडजोडीने सुसह्य होते, हे दाखवणे हेच तुमचे योगदान ठरेल, कारण नाजूक फळे हाताळणाऱ्या इतर कामांनाही ते उपयोगी पडेल.

म्हणून प्रत्येक नमुन्याची तारीख, मापे, छायाचित्रे, वापरणाऱ्या महिलांचे म्हणणे आणि तो का बदलला याचे कारण त्याच दिवशी लिहून ठेवा. माझ्या मते अशा प्रबंधातील सर्वांत मोलाचा भाग फेटाळलेल्या नमुन्यांचा असतो आणि नेमका तोच अनेकदा गाळला जातो, याचे मला फार वाईट वाटते.

दुसऱ्या डिझाइनरने हेच काम केले तर हुबेहूब हेच टेबल तयार होणार नाही, असा आक्षेप परीक्षक घेतील. त्यावर झिमरमन, फोर्लिझी आणि इव्हनसन या डिझाइन-संशोधकांनी २००७ मध्ये सुचवलेले निकष पुढे ठेवता येतील : कार्यपद्धतीची काटेकोर नोंद, नावीन्य, औचित्य आणि इतरांना ते काम पुढे नेता येण्याची शक्यता. तेच टेबल पुन्हा निर्माण होण्याची अट त्यांत नाही.

नोंदणीचे उत्तर मात्र नकारार्थी आहे. डिझाइन अधिनियम, २००० वस्तूच्या आकाराला आणि बाह्यरूपाला संरक्षण देतो. त्यामागील ज्ञानाची पारख करत नाही. नोंदणी हवीच असेल, तर नमुन्याची छायाचित्रे शोधनिबंधात किंवा प्रदर्शनात येण्यापूर्वी अर्ज करा, कारण आधीच प्रसिद्ध झालेले डिझाइन नवे मानले जात नाही.