नवऱ्याला न कळता दारू सोडवायचं औषध देऊ का?

व्यसनमुक्तीच्या कामात हा प्रश्न सतत येतो. एका ताईंनी तो विचारला तेव्हा औषध देऊन झालं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

नवरा यंत्रमाग कामगार, वय चाळिशीचं. रोज दोन-तीन क्वार्टर, म्हणजे 360 ते 540 मिली, शिवाय सकाळचा उतारा, म्हणजे हाताचा कंप थांबावा म्हणून घेतलेली थोडी दारू, ठरलेला. ‘पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा’ ही जाहिरात वाचून ताईंनी पावडर मागवली आणि आमटीतून दिली. पहिल्या रात्री काही झालं नाही. दुसऱ्या संध्याकाळी तो पिऊन आला आणि चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्यांवर उलट्या. दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. पण नंतर पाकीट त्याच्या हाती लागलं. बायकोनं विष घातलं हे डोक्यात बसलं, घरचं जेवण त्यानं बंद केलं आणि पिणं वाढलं.

पाकिटावर घटक लिहिलेले नव्हते, त्यामुळे आत काय होतं हे खात्रीनं सांगता येत नाही. लक्षणं मात्र डायसल्फिराम या दारू सोडवण्याच्या औषधावर दारू प्यायल्यावर दिसतात तशी होती. या औषधामुळे दारूचं विघटन अर्ध्यावर अडतं आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ रक्तात साचतो. रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, जीवही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. म्हणून डॉक्टर आधी यकृत आणि हृदय तपासतात, शेवटच्या घोटानंतर किमान 12 तास, बहुतेकदा पूर्ण दिवस थांबतात आणि रुग्णाची संमती घेतात. आमटीत कालवलेल्या पावडरीत यातलं काहीच होत नाही.

दिरांचा उपाय वेगळा होता: खोलीत कोंडा, चार दिवसांत उतरेल. हे त्याहून घातक. रोज एवढी पिणाऱ्याची दारू अचानक तोडली तर सहा-आठ तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भास, बरळणं, तापही. घरचे त्याला बाहेरची बाधा समजतात. त्याला तेव्हा हॉस्पिटल लागतं. म्हणून डॉक्टरांपर्यंत पोचेपर्यंत अशा माणसाची दारू एकदम बंद करू नका.

मग त्याला उपचाराला तयार कसं करायचं? ताईंसोबत आधी त्यांच्याच वागण्यावर काम झालं. त्या शेठला फोन करून ‘यांना ताप आहे’ सांगायच्या, गुत्त्यावरची उधारी फेडायच्या. हे दोन्ही थांबवायचं ठरलं; भांडून नव्हे, एकदाच शांतपणे सांगून. तो मारहाण करत नाही ना, हेही आधी विचारलं. मारहाण असेल तर बाई आणि मुलांची सुरक्षितता पहिली, 112 (आणीबाणी) किंवा 181 (महिला हेल्पलाइन) ला फोन करायचा.

बोलायची वेळही ठरवली. रात्री प्यायल्यावर नाही. भल्या पहाटेही नाही, कारण तेव्हा अंगाला कंप असतो आणि डोक्यात फक्त उतारा. उताऱ्यानं हात थोडे स्थिर झालेले असतात, पण चढलेली नसते, तो तासभर बरा. विषय दारूचा काढायचा नव्हता. सूत तुटलं की त्याला गाठ मारता येत नव्हती, शेजारच्या मागावरच्या पोराला हाक मारावी लागायची, आणि ते त्याला फार लागायचं. ताई म्हणाल्या, “पावडर मी घातली, चुकलं माझं. परत नाही घालणार. तुमच्या हाताचं तेवढं डॉक्टरला दाखवू.” दुसऱ्या दिवशीची वेळ आधीच घेतलेली होती. होकार मिळाल्यावर आठवडा गेला तर होकारही जातो.

तो आला. ऑडिट नावाची दहा प्रश्नांची चाचणी असते, 40 पैकी 20 किंवा जास्त गुण म्हणजे अवलंबित्वाची दाट शक्यता. त्याचे 29 आले. दाखल करून कंप-घामाची ठरावीक तासांनी नोंद, दारू तोडल्यावरचा त्रास आवरणारं लोराझेपाम हळूहळू कमी करत नेणं आणि ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिनचं (बी-1 जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन. उलटं केलं तर मेंदूला इजा होऊ शकते. दरम्यान समाजकार्यकर्त्यानं दोघांशी वेगवेगळं बोलून माहिती घेतली, त्याच्या परवानगीनं शेठशी बोलणं केलं आणि पगार कुणाच्या हाती जाईल हे दोघांसमोर ठरवलं. हे शेवटचं राहिलं तर पहिल्या पगाराला सगळं पाण्यात जातं.

घरी जाताना डायसल्फिरामच दिलं, 250 मिलिग्रॅम, रोज सकाळी एक. तपासण्या करून, त्याच्या सहीनं. गोळी ताईंनी हातावर ठेवायची, त्यानं समोर घ्यायची. उघडपणे, दोघांच्या संमतीनं घेतलेलं हेच औषध खूप उपयोगी पडतं. अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधही टाळायचं, हे दोघांना लिहून दिलं.

काही जण तरीही येत नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार नातेवाइकांच्या अर्जावर 30 दिवसांपर्यंत दाखल करता येतं, पण जिवाला धोका किंवा स्वतःची काळजी घेता न येणं अशा स्थितीतच, आणि दोन तज्ज्ञांच्या तपासणीनंतर. ‘आम्ही उचलून नेतो, तीन महिने भेटायचं नाही’ म्हणणाऱ्या केंद्रात माणूस देऊ नका. नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतात का, हे विचारा. आधी 14446 या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर बोलून घ्या; घरच्यांनी फोन केला तरी चालतो.

चौथ्या महिन्यात जत्रेआधी त्यानं मुद्दाम गोळ्या बंद केल्या आणि प्यायला. ताईंनी भांडण न करता दुसऱ्या दिवशी फोन केला. परत तपासणी झाली, गोळी सुरू झाली आणि जत्रेसारख्या दिवसांची यादी दोघांनी कॅलेंडरवर केली. त्या आठवड्यांत आता दोनदा फॉलोअप असतो.