आधी काठी, मग तक्ते

मुंबईच्या शाळेत विज्ञान शिकवायला रुजू झाल्या झाल्या सौरमालेचे तक्ते घ्यायची घाई करू नका. शाळेच्या आवारात एक काठी सरळ उभी करा. साडेअकरापासून दीडपर्यंत, दर दहा मिनिटांनी, सावलीच्या टोकाशी मुलांना खडूने खूण करू द्या. सर्वांत आखूड सावली बाराला नाही, साडेबाराच्या आगेमागे मिळते. का, ते लगेच सांगू नका. त्यांना वाद घालू द्या! आपलं घड्याळ (भारतीय प्रमाणवेळ) ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं आणि मुंबई त्याच्या पश्चिमेला ७३ अंशांजवळ, म्हणून सूर्य इथे उशिरा माथ्यावर येतो, हे नकाशात त्यांनीच शोधलं की विज्ञान कसं घडतं ते वेगळं शिकवावं लागत नाही. शून्य सावली, म्हणजे सूर्य अगदी डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते तो दिवस, मात्र १५ मेच्या सुमारास, ऐन सुट्टीत. जुलैअखेरची बहुधा ढगांत जाते. खडकांसाठी अंधेरीची गिल्बर्ट हिल दाखवाच: बेसाल्टचे उभे स्तंभ, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे.