आईविना पहिली आखाजी

‘आई माघात गेली. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) भाऊ घ्यायला येतोय, पण झोका, गौराईची गाणी काहीच नको वाटतं. आईच्या नावाचं पाणी मात्र मला भरायचंय. सासूबाई म्हणतात, लेकीनं माहेरचं पित्तर घालू नये. काय करू?’
– एक वाचक, सुरत (माहेर अमळनेर तालुक्यात)

ताई, जा. भावाला रिकाम्या हातानं परत पाठवू नका.

भाद्रपदातला पंधरवडा आपणही पाळतोच. पण खान्देशात गेलेल्या माणसाची खरी आठवण निघते ती वैशाखात, आखाजीला, ऊन मी म्हणत असताना. त्याला गार पाणी मिळावं म्हणून कुंभाराकडून नवी घागर आणतात, वर डांगर (खरबूज) आणि आंबा ठेवतात, सांजोऱ्या मांडतात. त्याच दिवशी लेकीही माहेरी येतात. म्हणून आई नाही तर माहेरी कशाला जायचं, हे मला पटत नाही. यंदा तिथं तिच्याच नावाचं पाणी भरलं जाणार आहे.

सासूबाईंचं म्हणणं रीतीला धरून आहे. घागर ज्या कुळाची त्या घरात भरतात. तेव्हा सुरतेत आईची वेगळी घागर मांडायचा हट्ट धरू नका. भावाच्या दारात मात्र तुमचा हात लागायला काय हरकत आहे? त्याला आजच फोन करा आणि स्पष्ट सांगा, ‘डेरगं (आईच्या नावाची घागर) भरताना एक तांब्या मी ओतीन.’ उंबरठ्यावर पूर्वजांच्या नावानं कुंकवाची बोटं उमटवता ना, त्यातलं आईचं बोट तुम्ही उमटवा.

शक्य असेल तर एक दिवस आधीच पोचा. आईच्या माघारी सगळा स्वयंपाक वहिनीवर आलाय, आणि तिचीही सासू गेलीय, हे आपण नणंदा फार पटकन विसरतो. सांजोऱ्या दोघी मिळून करा. खापरावरचे मांडे जमत नसतील तर साध्या पुरणपोळ्या लाटा. आगारीवर, म्हणजे निखाऱ्यांवर, पितरांचा घास टाकताना रडू आलं तर येऊ द्या, भावालाही येईल. झोक्यावर बसायचं नसेल तर बसू नका. घरात वर्षाच्या आत माणूस गेलेलं असताना कुणी आग्रहही धरू नये.

भाऊ तयार झाला नाही, तर परतल्यावर सुरतेत दारापुढे आईच्या नावानं पाण्याचा माठ ठेवा. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी द्यायला कुळ विचारावं लागत नाही. सासूबाईंनाही सांगा, त्या माठ भरायला मदतच करतील.