धावपट्टीचं काम रात्रीच का?

प्रश्न : आमचं घर विमानतळाला लागून आहे. धावपट्टीचं डांबरीकरण रोज रात्री चालतं, पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. हे दिवसा का उरकत नाहीत?

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे. मी अनेक वर्षं याच कामावर होतो. दिवसा पट्टी बंद ठेवली तर उड्डाणं कोलमडतात, म्हणून रात्रीचे मोजके तास मिळतात. त्यात जुना थर खरवडायचा, गरम डांबर अंथरून दाबायचं आणि ते निवेपर्यंत थांबायचं. मऊ डांबरात विमानाची चाकं रुततात. नवा थर जिथे संपतो तिथे रोज पहाटे तात्पुरता उतार द्यावा लागतो. थर 5 सेंटिमीटरपर्यंत असेल तर तो उतार अर्धा ते एक टक्का. शेवटी विजेरीच्या उजेडात खडे वेचायचे. बोराएवढा खडासुद्धा इंजिनाची पाती मोडू शकतो. मी कितीतरी पहाटे गुडघ्यांवर बसून ते वेचलेत.

दुसरी धावपट्टी असेल तर पहिली सलग बंद ठेवून काम लवकर संपतं, पण तेवढे दिवस विमानं दुसऱ्याच वस्तीवरून जातात. त्या लोकांना आधी सांगायलाच हवं.

तुम्ही एक मागणी जरूर करा. सर्वात कर्कश आवाज खरवडण्याचा. घरांजवळच्या टोकाला ते काम मध्यरात्रीपूर्वी उरका म्हणावं, आणि कोणत्या रात्री कुठे काम आहे ते आठवडाभर आधी लेखी कळवा. नीट आखणी केली तर हे जमतं, आम्ही केलेलं आहे.